नऊ दिवस आधीची चव

निलेश परबला सँडविच खाण्याचा पगार मिळतो, हे दिंडोशीच्या त्याच्या कॉलनीत कुणालाच आधी खरं वाटत नसे, आणि खरं वाटलं की प्रत्येकाला आपलं आयुष्य फुकट गेल्यासारखं वाटे. अंधेरीच्या एमआयडीसीतली त्याची कंपनी तिकोनी प्लॅस्टिकच्या डब्यांत सँडविचं भरून पेट्रोलपंपांना आणि ऑफिसांना पुरवत असे. रोज अकराला त्याच्यासमोर त्या दिवशीच्या मालातली तीन सँडविचं येत, आधी पुदिना-काकडी, मग पनीर, शेवटी अंडं, आणि तो डोळे मिटून एकेक घास घेई. पाव कडेला वातड झालाय, काकडीला पाणी सुटलंय, पनीर कालचं आहे, असं तो सांगे आणि ते खरं निघे. जिभेला हाड नसतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण निलेशच्या जिभेला डोळे आहेत, असं त्याचे साहेब चंद्रप्रकाश म्हणत.

म्हणूनच गणपतीनंतरच्या तापातून उठून त्याने पहिला घास घेतला आणि तो कापसासारखा लागला, तेव्हा त्याने घाबरून मिठाची चिमूट जिभेवर ठेवून पाहिली. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तरी ना वास ना चव. बायकोला, श्रुतिकाला, त्याने सांगितलं. कंपनीत मात्र अवाक्षर काढलं नाही. पाव बोटाने दाबून, काकडीचा रंग बघून तो अंदाजाने शेरे मारत राहिला. ज्याचं पोटच जिभेवर चालतं, त्याने जीभ गेल्याचं कुठल्या तोंडाने सांगायचं?

आणि एके दिवशी अकरा वाजता पुदिना आला! हिरवागार, झणझणीत, लिंबाच्या धारेसकट जिभेवर पसरला. निलेशच्या डोळ्यांत पाणी आलं, आता उठून नाचावं असं त्याला वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की सँडविच अजून हातातच आहे.

त्या आनंदात एवढासा फरक कोण मनावर घेतो! पण फरक वाढत गेला. आधी घासाच्या अंतराने, मग सकाळच्या पोह्यांवर दुपारचा डबा लागू लागला, मग आजच्या जेवणात उद्याचं. आणि नऊ दिवसांवर येऊन ते थांबलं. तोंडात काहीही घातलं तरी लागे ते नऊ दिवसांनी त्या वेळेला तो जे खाणार असेल ते. निलेशने एक डायरी केली. रोज अकराला जिभेवर येईल ते लिहायचं आणि नऊ दिवसांपूर्वीचं पान वाचून आजच्या सँडविचवर शेरा मारायचा. एकही शेरा चुकला नाही. चंद्रप्रकाश साहेबांनी त्याला बढती देऊन टाकली.

घरात तर दिवाळीच झाली. कॉलेजात जाणारी मानसी रोज जेवताना विचारी, "बाबा, नवव्या दिवसाचा मेनू सांगा ना!" श्रुतिका म्हणे, "बरं झालं, रोज काय करू काय करू हा डोक्याचा ताप तरी गेला." एका सोमवारी साबुदाण्याची खिचडी खाताना निलेशच्या जिभेवर तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आलं. त्याच्या आईने, वनमालाबाईंनी, कानांवर हात ठेवले. "शिवा शिवा! सोमवारचो बांगडो?"

"नववा दिवस बुधवारी येतोय, मी त्या बुधवारी मुगाचं वरण करणार," श्रुतिका हट्टाने म्हणाली. "बघतेच कसा येतो बांगडा."

बुधवारी संध्याकाळी वरणाला फोडणी पडत असताना श्रुतिकाचे मामा गोराईहून ताज्या बांगड्यांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. मानसी हसून हसून सोफ्यावरून खाली आली.

कंपनीतही तसंच झालं. येत्या शुक्रवारी पुदिन्याचं सँडविच खारट होणार, असं त्याने, नुसता अंदाज म्हणून, साहेबांना आधीच सांगून ठेवलं. त्यांनी स्वतः उभं राहून चटणीतलं मीठ निम्म्यावर आणलं. नेमकं त्या दिवशी लोणीच खारट आलं. सगळे हसले, निलेशही हसला. पण परतताना रिक्षात त्याच्या मनात आलं की आपण कितीही आडवे गेलो तरी जे जिभेवर आलं ते वाट काढून येतंच, आणि त्याला उगाच थंडी वाजली.

डिसेंबरातला एक रविवार होता. सकाळचा चहा घेताना जिभेवर काहीच आलं नाही. म्हणजे त्या मंगळवारी आपण चहा घेणार नाही, कुठे घाईत असू, असं त्याला वाटलं. अकराच्या सुमाराला आईने केलेल्या घावण्यांचा तुकडा तोडला तर एकदम कडूजहर. तो पाणी प्यायला आणि त्याने विषय सोडला. दुपारी मात्र कोंबडी-वड्यांचा पहिलाच घास घेऊन तो मोठ्याने हसला.

"नवव्या दिवशी पिठलं-भात! आणि तोसुद्धा शेजारच्या मधुवंतीवहिनींच्या हातचा. लसूण जाळलाय नेहमीसारखा."

"त्या कशाला आपल्याला पिठलं-भात पाठवतील?" मानसीला हसू आवरेना. "त्यांच्याकडे साधी साखर मागितली तरी चार वेळा विचार करतात!"

श्रुतिकाही हसत होती. वनमालाबाईंचा हात मात्र ताटातच थांबला.

"त्येच्या आधी काय कडू इला होता, झिला?"

निलेशला आठवलं. तीन वर्षांपूर्वी वडिलांना पोचवून आल्यावर याच दारात सगळ्यांनी कडुनिंबाचा पाला चावला होता आणि घरात चूल पेटवायची नाही म्हणून शेजारून पिठलं-भात आला होता. ती चव तो कशी विसरला?

"कडुनिंब," तो हळूच म्हणाला.

"मग पाडवा असेल," मानसी म्हणाली आणि कॅलेंडरकडे बघून थांबली.

"गूळ होतो, काय नुसतोच पालो?" आईने विचारलं.

"गूळ होता," निलेश म्हणाला.

वनमालाबाई लेकाकडे बघत राहिल्या आणि मग चक्क प्रसन्न हसल्या. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या, आणि लेकाचं खोटं त्यांना त्याच्या जन्मापासून ओळखता येत होतं. संध्याकाळी त्यांनी आपल्या कुड्या मानसीच्या कानांत घातल्या, गावच्या भावाला फोन करून तासभर मालवणीत दंगा केला, श्रुतिकाला जवळ बसवून म्हणाल्या, "तुझ्यासारखी सून गावाक न्हाय. माझा सगळा भरून पावला गो." इतकं खूश त्यांना कुणी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. निलेशला रडू येत होतं, पण त्या रडण्यातही एक समाधान होतं. आईने भरपूर आयुष्य घेतलं होतं, आणि निरोप घ्यायला आठ दिवस कुणाला मिळतात?

सोमवारी सकाळी तो लवकर उठला. आई देवासमोर गुणगुणत वाती वळत होती. त्यांच्या घरात सकाळचा चहा श्रुतिकाच करी, नुसती वेलची घातलेला, कारण आल्याने तिची छाती जळे. आईचा चहा वेगळा, ठेचून आलं आणि मिठाचा एक खडा. पण श्रुतिका माहेरी गेली तरच तो घरात होई.

श्रुतिकाने वाफाळता कप त्याच्या हातात दिला आणि शेजारी बसली. निलेशने घोट घेतला. घशापर्यंत आलं झोंबलं, आणि मागून मिठाचा तो खडा विरघळला. त्या मंगळवारनंतरच्या बुधवारी सकाळी चहा आई करणार होती.

"कसा झालाय?" श्रुतिकाने विचारलं.

"मस्त," तो म्हणाला, आणि आणखी अर्धा कप मागितला. ती हसत उठली, आत जाऊन घेऊन आली. तोही आल्याचाच लागला.