दोनदा सांगणारा दुभाष्या

धाकटीला पसारा म्हणून बघवत नसे. घरात चमचे चुकीच्या खणात गेले तरी तिचा जीव कासावीस व्हायचा, आणि ऑफिसात कुणाचा जुना, गुंतागुंतीचा प्रोग्राम दिसला की तिचे हात शिवशिवायला लागायचे. तिची कंपनी टेलिफोन ऑपरेटरांसाठी प्रोग्राम बनवायची. फोन आला की पडद्यावर एक ओळ उमटायची, कुठला फोन आणि कुठे जोडायचा, आणि ऑपरेटरने बटण दाबलं की काम फत्ते. ज्यांना पडदा दिसत नाही ते स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज. आता हा आवाज काही स्वतः डोळे वटारून पडद्याकडे बघत नाही. 'ओळ आली, हे बटण, हा विभाग' असं त्याला कुणीतरी कानाशी लागून सांगावं लागतं. प्रोग्रामच्या पोटात बसलेल्या त्या भागाला ऑफिसात सगळे दुभाष्याच म्हणायचे.

असे दोन दुभाषे होते. एक नवा, चटपटीत. दुसरा जुना, जुन्या स्क्रीन रीडरांसाठी सांभाळलेला. तो कधी काढणार नाही, असा शब्द कंपनीने ग्राहकांना देऊन ठेवला होता.

धाकटीचा थोरला भाऊ, दादा, हे त्या जुन्याचंच गिऱ्हाईक. लहानपणी दृष्टी गेलेला, एका मोठ्या हॉस्पिटलच्या फोनवर बसणारा. फोन जोडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं. नवा स्क्रीन रीडर घे म्हणून धाकटी त्याच्या मागे हात धुवून लागली होती.

"तुझा नवा आवाज छान आहे गं," तो म्हणायचा, "पण फारच सभ्य. त्याचं 'नमस्कार' होईपर्यंत माझे चार फोन तुंबतात."

तेव्हा जुन्या दुभाष्याला काढायचा प्रश्नच नव्हता; तिने त्याला फक्त घासूनपुसून लख्ख करायचं ठरवलं. त्याला एक खोड होती. नवी ओळ आली की तो ती सांगायचा, आणि हातातला फोन संपून ती ओळ निवडली गेली की तेच परत सांगायचा; हातात फोन नसला तर लागलीच. 'बाहेरचा फोन, प्रसूती विभाग. बाहेरचा फोन, प्रसूती विभाग.' कान किटतात, अशा तक्रारी येत होत्या. धाकटीने दुसरं सांगणं काढून टाकलं. सगळ्या चाचण्या पास झाल्या. टीमचा प्रमुख, ज्याला पाठीमागे सगळे थंडोबा म्हणत, त्याच्या तोंडून चक्क 'छान' निघालं. त्या दिवशी धाकटीचे पाय जमिनीवर नव्हते.

काही आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. आवाज दबका होता.

"तुझा दादा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आला. ते म्हणतात, कानांना काही झालं नाही. पण ह्याला पटेल तर शपथ! अगं, फोन भलतीकडे जोडले जातायत त्याच्याकडून. परवा एका बाईला ऑपरेशन थिएटरऐवजी धोबीखात्यात जोडलं. बिचारीचा नवरा आत टेबलावर होता. सोमवारी खुर्ची सोडतो म्हणतोय. तुला तर मुळीच सांगू नको म्हणालाय."

दुसऱ्या दिवशी धाकटी, सहज आल्यासारखं दाखवत, दादाच्या शेजारी जाऊन बसली. खोली चिंचोळी, टेबल भिंतीला खेटून. एका कानाला फोन, दुसऱ्या कानाला स्क्रीन रीडर. तिनेही स्क्रीन रीडरला एक जादा हेडफोन जोडून स्वतःच्या कानाला लावला.

दादा एका म्हाताऱ्या माणसाला वॉर्ड समजावून सांगत होता. तेवढ्यात नवा फोन आला आणि आवाज भर्रकन ओळ वाचून मोकळा झाला. दादाने म्हाताऱ्याशी बोलणं संपवलं, मान किंचित तिरकी केली आणि थांबला. बोट बटणावर तयार. तो वाट बघत होता. कशाची, ते धाकटीला एकदम कळलं. पहिलं सांगणं तो बोलता बोलता नुसतं कानावरून जाऊ द्यायचा, फोन आलाय एवढं कळायला. ऐकायचा तो दुसरं. आणि ते दुसरं तिनेच उडवलं होतं.

दादाने अंदाजाने बटण दाबलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

ती तडक ऑफिसात गेली.

"आपणच चूक म्हणून काढलेली गोष्ट आपणच परत घालायची?" थंडोबाने विचारलं.

"चूकच होती ती. पण त्या चुकीच्या भरवशावर माणसांनी संसार थाटलेत. जुना तसाच ठेवू, हा शब्द आपणच दिला होता ना?"

थंडोबाने बराच वेळ चष्मा पुसला.

"घाल परत. ज्यांचे कान किटतात त्यांना बंद करायची सोय दे. आणि तिथेच ठळक लिहून ठेव, काढू नका म्हणून. नाहीतर उद्या तुझ्यासारखंच कुणीतरी झाडू घेऊन येईल."

रविवारी ती दादाकडे गेली. गप्प राहणं सोपं होतं. पण दादा उद्या खुर्ची सोडणार होता, आणि न सोडता राहिला असता तरी आयुष्यभर स्वतःच्या कानांना भीत बसला असता. तिने सगळं सांगून टाकलं.

दादाचा हात आपसूक कानाकडे गेला.

"म्हणजे कान..."

"ठणठणीत आहेत. मी केलं ते सगळं."

"रोज सकाळी मी हिला पलीकडच्या खोलीत उभी करून हळूहळू बोलायला लावायचो," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "कुठवर ऐकू येतं ते बघायला. बोलता बोलता ही रडायची. आणि तुझ्या चाचण्या म्हणे सगळ्या पास!"

"हो."

"दर रविवारी इथेच जेवतेस."

"हो रे."

"मग मला का नाही विचारलंस?"

धाकटीला थापा सुचत होत्या. घाई होती, नियम आहेत, वगैरे. पण तिला लाज वाटली.

"तुझ्यासाठीच करत होते ना," ती म्हणाली, "म्हणून तुला विचारावं असं मनातच आलं नाही."

दादाने मोठा श्वास सोडला. राग गेला नव्हता. तो पुढे कितीतरी दिवस जाणार नव्हता. पण त्याचे खांदे मात्र सैल झाले. आतल्या दाराकडे तोंड करून त्याने हाक मारली.

"अगं, ऐकलंस का? कान शाबूत आहेत माझे!"

पलीकडच्या खोलीतून वहिनी, पदर तोंडाशी धरून, जेमतेम ओठांतल्या ओठांत म्हणाली, "ऐकलं."

धाकटीला ते ऐकू आलं नाही. दादाला आलं.