न पेरलेले ट्रे

मोठे भाऊजी गेले आणि तिसऱ्याच आठवड्यात कारखान्यातली बुरशी रुसली.

गव्हाचा कोंडा आणि भाताचं काड वाफवून ट्रेमध्ये पसरायचं, वर बुरशीचं बी शिंपडायचं आणि पाच दिवसांनी तिनं सोडलेलं एन्झाइम धुऊन काढायचं, असं तिथलं काम. कापड मऊ करायला ते गिरण्यांत जायचं. वीस वर्षं बी राखलं ते भाऊजींनी. आता त्याला जेमतेम पांढरी लव धरत होती.

"नवं बी मागवू," केमिस्टबाई म्हणाल्या. वाफवलेले चाळीस ट्रे तसेच बंद खोलीत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं खोली उघडली. ही भाऊजींची भावजय, ट्रे सांभाळायची. ती दारातच थबकली. चाळीसही ट्रे हिरवेगार! कोणी काही पेरलं नव्हतं. आणि कोंडा करकरत होता, झोपेत कोणी दात खावेत तसा.

केमिस्टबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग म्हणाल्या, "त्यांचीच बुरशी आहे. जोर मात्र तिप्पट."

ही बुरशी सूत खाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण खुंटीवरचा भाऊजींचा सुती कोट अख्खा नाहीसा झाला होता. खाली पाच गुंड्या तेवढ्या उरल्या होत्या, सरळ रेषेत.

धाकटीनं थोरल्या जावेला, भाऊजींच्या बायकोला, बोलावून घेतलं. थोरलीनं एका ट्रेवर तळहात टेकवला.

"शेवटच्या तापात यांचं अंग असंच भाजायचं गं."

"जाऊबाई, हात काढा आधी!"

"मालक म्हणतायत, माल चांगला निघेल, राहू द्या," केमिस्टबाई चाचरल्या.

"वीस वर्षं राबले ते. आता मेल्यावरही राबवणार का?" थोरली कडाडली.

तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि खोलीत वाफ सोडायचं चाक स्वतः फिरवलं. "पुरे आता," ती दाराशी तोंड नेऊन हळूच म्हणाली. "चला."

करकर एकेका ट्रेतून सरकत दाराशी आली आणि थांबली. दोघी जावा दार दाबून उभ्या होत्या. वाफेनं सगळं दार तापलं. मधोमध, माणसानं पाठ टेकावी तेवढीच जागा गार राहिली. थोरलीनं त्या जागेवर गाल टेकला. हळूहळू ती जागाही तापली, तशी थोरली मागे सरली आणि भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदाच हमसून हमसून रडली.