रविवारच्या रश्शाचं कार्ड

सासूबाईंचं नाक गेलं तेव्हा आमच्या घरात एकाही पदार्थाची कृती लिहिलेली नव्हती. नाक जागेवरच होतं, दिसायलाही पूर्वीइतकंच करारी. त्याला वास कळेना एवढंच. पंधरा दिवस ताप आला आणि उतरताना वास घेऊन गेला. चवही निम्मीशिम्मी राहिली. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित येणारही नाही. एवढं सांगायला त्यांनी आम्हाला दोन तास बाहेर बाकावर बसवलं होतं.

तोवर त्या सगळा स्वयंपाक नाकाने करायच्या. झाकण न उघडता बटाटा शिजला की नाही ते सांगायच्या. मोजमाप विचारलं की म्हणायच्या, "अंदाजाने." स्वयंपाकघरात नियम एकच: पातेल्यातली चव दुसऱ्या कुणी बघायची नाही. "इथे एकच जीभ," असं त्या म्हणायच्या. अकरा वर्षांत मी त्या घरात चिरलं, धुतलं, वाढलं. ढवळलं मात्र कधी नाही. खरं सांगायचं तर माझी तक्रारही नव्हती. मी हॉस्पिटलात औषधं बनवायच्या खोलीत काम करते. मलमं, पातळ औषधं, पुड्या. दिवसभर काट्यावर वजनं करून घरी आल्यावर चमचा हातात धरायचीही इच्छा उरत नाही.

या नियमाला सुरुंग लावणारा घरात एकच माणूस होता, माझे सासरे. ते पुढच्या खोलीत खुर्चीत पेपर वाचत बसत आणि तिथूनच हाका मारत. "लसूण लागतोय हं!" "दूध वर येतंय!" त्यावर आतून ठरलेलं उत्तर यायचं: "तुम्ही तुमचं नाक पेपरात ठेवा." आत मात्र त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि आम्हाला ते घड्याळाच्या टिकटिकीसारखं सवयीचं झालं होतं.

तापानंतर महिन्याभराने, एका मंगळवारी, सासूबाई शेगडीवर मसूर ठेवून मागे कपडे वाळत घालायला गेल्या. वरच्या मजल्यावरची शेजारीण दार बडवायला लागली तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर निघत होता. पातेलं तर गेलंच, पण शेजारी टांगलेलं फडकंही पेटलं होतं. कुणाला काही झालं नाही. संध्याकाळी नवरा आला, काळी पडलेली भिंत बघितली आणि तिथेच उभ्या उभ्या म्हणाला, "एक तारखेपासून स्वयंपाकाला बाई येईल. आईने शेगडीजवळ जायचं नाही."

आई समोर बसल्या होत्या. केरसुणी कुठे ठेवायची यावरून तासभर भांडू शकणारी ही बाई. त्या दिवशी एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या, हात मांडीवर. मी विचारलं, "काही हवंय का, आई?"

"मला काय हवं असणार? मी आता इथली पाहुणी."

मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. मी तशीच आत गेले आणि नवऱ्याला म्हटलं, "एक तारखेपर्यंत थांब. मी कृती लिहून काढते, वजनासकट. नाक नसलं तरी घरात काटा आहे."

"आणि पुन्हा करपलं तर?"

"तर त्या बाईला मी स्वतः बोलावून आणते."

"एकदाही करपता कामा नये."

"एकदाही नाही," मी म्हटलं. हातात तेवीस दिवस होते.

सुरुवात रविवारच्या रश्शापासून केली, कारण आमच्या घरात तोच खरा स्वयंपाक. मसूर, कांदा, टोमॅटो, बटाटा, लसूण, मिरे. आईंनी चिमटीत मीठ घ्यायचं, माझ्या वाटीत टाकायचं आणि मी वजन करायचं, असं ठरलं. पहिल्यांदा चार ग्रॅम आलं, मग नऊ, मग सहा. त्यांना तिन्ही सारखीच वाटत होती. हाताला सांगणारं नाकच गेलं, मग हात तरी काय करणार? हे त्यांना कळायला हवं होतं, पण कळणार कसं? जेवताना आम्ही सगळे एकमुखाने "छान झालंय" म्हणत होतो.

त्या रविवारी रस्सा इतका खारट झाला की सासरे तीन पेले पाणी प्यायले आणि म्हणाले, "उत्तम." नवरा म्हणाला, "छान." माझ्या ओठांवरही तेच आलं होतं. मी ते गिळलं.

"आई, खारट आहे. खूपच."

नवऱ्याने माझ्याकडे डोळे वटारले. आईंचा चमचा हवेतच थांबला.

"आजच?"

"महिनाभर. कधी खारट, कधी अळणी."

त्यांनी एकेकाकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता नाकाला मिरच्या झोंबणार आणि माझी शंभर वर्षं भरणार. पण त्या माझ्यावर चिडल्याच नाहीत. "माझं नाक गेलंय, कान शाबूत आहेत," त्या दोघांकडे बघून म्हणाल्या. "इतके दिवस मूग गिळून बसलात! मी काय लहान मूल आहे?" मग उठल्या, आतून पातेलं आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"किती जास्त?" त्यांनी विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

आता हातावर भरवसा ठेवायचा नाही हे दोघींनीही मान्य केलं. मग मी म्हटलं, नाक धड असताना ज्यांना ज्यांना त्यांनी हा रस्सा शिकवला, त्यांच्याकडून गोळा करू. असे तिघे निघाले: माझी नणंद, वरची शेजारीण, आणि मागच्या खोलीत सहा वर्षं राहिलेला जुना भाडेकरू, जो शाळेत मास्तर होता. तिघांनाही मी रस्सा करताना जिन्नस मोजायला लावले. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय," पण मोजून सांगितलं. शेजारणीने विजेच्या बिलाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं. मास्तरांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला, अक्षर मोत्यासारखं.

तीन कागद, तीन रस्से. मीठ आठ ग्रॅम, चौदा ग्रॅम, अकरा ग्रॅम. लसूण नणंदेकडे दीड पाकळी, शेजारणीकडे बारा, मास्तरांकडे नाहीच. आमच्या खोलीत एकाच गोष्टीचे तीन आकडे आले की काय करायचं ते ठरलेलं असतं. मी बसून सरासरी काढली. पांढऱ्या कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: मीठ अकरा ग्रॅम, लसूण साडेचार पाकळ्या.

त्या कार्डाबरहुकूम केलेला रस्सा खारट नव्हता, अळणी नव्हता, वाईटही नव्हता. नवऱ्याने दोन घास खाल्ले आणि विचारलं, "हा तुमच्या हॉस्पिटलातून आणलास का?" आता खरं बोलायची मुभा सगळ्यांनाच मिळाली होती.

आईंनी चष्मा लावून तिन्ही कागद वाचले आणि हसायला लागल्या. तापानंतर पहिल्यांदाच हसत होत्या.

"अगं शहाणे, हे वेगळं असणारच! माझ्या लेकीच्या नवऱ्याला ब्लड प्रेशर, म्हणून तिला मीठ कमी सांगितलं. वरचीची मुलं सदानकदा सर्दीने बेजार, तिला म्हटलं, लसूण सढळ हाताने घाल. मास्तर सकाळी वर्गात जायचे, पोरं तोंडाच्या वासाला हसतात म्हणायचे, म्हणून त्यांचा बिनलसणाचा. आणि तू तिघांनाही एका पातेल्यात कोंबलंस."

"मग आपल्या घरचा कोणता?"

त्यांनी चष्मा काढला. "आपल्या घरचा कुणाला सांगितलाच नाही. सांगायचा कशाला? मी होते की."

मी उगाचच कागदांच्या घड्या घातल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी कामावरून आले की आम्ही दोघी लहान पातेल्यात रस्सा करायला लागलो. एकच जीभ हा नियम राहिला, फक्त जीभ माझी. "हं, काय कमी आहे?" त्या विचारायच्या आणि मी सांगायचे. चुकलं की आधी त्या मला बोलायच्या, मग पातेल्याला. आठवड्याभरात वजनं बसली. कांदा तीनशे दहा ग्रॅम, मसूर अडीचशे, लसूण नऊ पाकळ्या, मीठ बारा ग्रॅम. घरात सगळ्यांना रस्सा घट्ट आवडतो हेही मला तेव्हाच कळलं.

पण कार्डावर तीन ठिकाणी जागा कोरी राहिली. कांदा कधीपर्यंत परतायचा? "वास बदलला की." कसा बदलला की? "कच्चेपणा जातो आणि गोडसर येतो." मी घड्याळ लावलं. पहिल्या दिवशी नऊ मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी कांद्याला पाणी जास्त होतं, बारा लागली. तिसऱ्या दिवशी आच थोडी मोठी राहिली आणि आठव्या मिनिटालाच मला धावत जाऊन पातेलं उतरवावं लागलं. लसणाचं तेच. आणि शेवटी तळाला लागायला लागतं, तेही नाकालाच आधी कळतं. माझं नाक चारनंतर घरी यायचं. आईंचा स्वयंपाक अकराला.

नवऱ्याने कार्ड हातात घेऊन बघितलं. "या तीन कोऱ्या जागांतच घर जळतं," तो म्हणाला. त्याचं चूक नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. एक तारखेला नऊ दिवस उरले होते.

आईंनी कार्ड त्याच्या हातातून घेतलं आणि पुन्हा वरून वाचायला लागल्या. तेवढ्यात पुढच्या खोलीतून, पेपराच्या मागून, सासऱ्यांचा आवाज आला. "त्या दिवशी मला वास आला होता."

आम्ही बाहेर आलो. आईंनी पेपर त्यांच्या हातातून खाली ओढला. "कुठल्या दिवशी?"

"मसूर करपले त्या दिवशी. शेजारीण यायच्या बऱ्याच आधी."

"मग बोलला का नाहीत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तापानंतर त्या खुर्चीतून एकही हाक आली नव्हती. इतक्या वर्षांची टिकटिक बंद पडली आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता.

"तुला कळत नसताना मी कुठे वास वास करत बसू?" ते म्हणाले. "तुला लागलं असतं. वाटलं, येईलच आत, बघेलच."

"म्हणजे माझं पातेलं जळेपर्यंत तुम्ही मला जपत बसलात?"

"चुकलं माझं." सासरे असं बोललेले मी तरी ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरले होते. आईंचेही भरले असावेत, पण त्यांनी आम्हाला ते बघू दिलं नाही.

"आता रडून उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "खुर्ची फिरवा."

खुर्ची फिरली. सासऱ्यांची पाठ खिडकीकडे आणि तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे झालं. आत यायला ते तयार नव्हते, आणि त्यांना आत घ्यायला आईही. दुसऱ्या दिवशी साडेअकराला हॉस्पिटलात फोन वाजला. "तुझं घड्याळ फेकून दे," आई म्हणाल्या. मागून हाक ऐकू आली, "लसूण झाला, लसूण!" आणि आईंनी फोन तोंडाजवळच ठेवून ओरडून उत्तर दिलं, "ऐकलं!" माझ्या कानठळ्या बसल्या.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी नणंद जेवायला आली होती. एव्हाना एकदाही काही करपलं नव्हतं. नवऱ्याने भिंतीवरचं कार्ड काढलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. "कांदा तीनशे दहा ग्रॅम, मंद आचेवर, बाबा ‘झाला’ म्हणेपर्यंत. लसूण नऊ पाकळ्या, बाबांची हाक येईपर्यंत. शेवटी बारीक आच, बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले तर ताबडतोब उतरवणे." तो थांबला. "आणि बाबांना डुलकी लागली तर?"

"वरून वाच," आई म्हणाल्या.

सगळ्यात वर, माझ्या अक्षराच्याही वर, त्यांच्या हातची पेन्सिलीतली ओळ होती: आधी बाबा जागे आहेत का बघावे. नसल्यास शेगडी लावू नये.

नवऱ्याने कार्ड खाली ठेवलं आणि जेवायला लागला. आम्ही कुणीच खात नव्हतो, त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो बराच वेळ चावत राहिला.

"मीठ किंचित कमी आहे, आई," तो म्हणाला.

नणंदेने त्याला टेबलाखालून लाथ मारली. आईंचा चेहरा मात्र असा खुलला की मी तो पहिल्यांदाच बघत होते.

"किती?"

"चिमूटभर. एक ग्रॅम असेल."

त्यांनी कार्ड ओढून घेतलं, बारा खोडून तेरा केलं, पेन्सिल खाली ठेवली आणि सासऱ्यांच्या ताटात दुसऱ्यांदा रस्सा वाढला.

"त्या बाईला फोन करून टाक," त्या मुलाला म्हणाल्या. "सांग, जागा भरली."