खालून वर

"काय गं उत्कर्षा, आज पण चुकलीस की!" मोईनभाईंनी माझा स्क्रीन स्वतःकडं वळवला. सगळ्या पानभर लाल खुणा.

सोलापूरच्या आमच्या ऑफिसात परदेशातली जुनी पुस्तकं टाइप होतात. सध्या मध्ययुगातलं ग्रीक चाललंय. एकच पान मी आणि मायाक्का वेगवेगळ्या खोल्यांत बसून टाइप करतो, मग कॉम्प्युटर दोन्ही ताडून फरकावर लाल खूण करतो, आणि चूक कुणाची ते मोईनभाई मूळ पान बघून ठरवतात. भाषा येत नसलेलीच बरी! अक्षर दिसलं की तसंच उमटवायचं. मायाक्का माझ्या आईच्या वयाच्या, पण त्यांचं पान एकदम स्वच्छ. माझ्याच डोक्यात किडा वळवळला आणि मी मोबाइलवर ग्रीक शिकले. आता अर्धंमुर्धं कळतं, आणि मेला हात पुढचा शब्द मनानंच ठोकून देतो.

त्यात ही असली गोष्ट! वेढा पडलेलं गाव, तटावर उभी एक आई, मुलगा बाहेर लढायला गेलेला. डबा खाताना मी मायाक्कांना रोज पुढचं सांगायचे. काल पान संपलं तेव्हा माणसं कुणाला तरी उचलून वेशीतून आत आणत होती. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"हे घे पुढचं पान," मोईनभाई म्हणाले. "एक जरी चूक निघाली तर उद्यापासून घरी बस. मला वरून बोलणी बसतात."

घरी म्हणजे आमचं गाव वैराग, आणि वैराग म्हणजे बघायला येणारे पाहुणे. नको रे बाबा!

मी शेवटची ओळ आधी घेतली, म्हणजे अर्थच लागायला नको. मग तिच्या वरची. स्क्रीनवर कागदाची पट्टी धरून एकेक अक्षर तेवढं उघडं ठेवलं. वाचायला जीव नुसता तडफडत होता, पण पट्टी हलू दिली नाही. अशी खालून वर सगळं पान चढले.

एकही लाल खूण निघाली नाही. "शाब्बास! राहिलीस बघ," म्हणत मोईनभाईंनी पान पाठवून दिलं. गेलेलं पान आम्हाला परत उघडत नाही.

डबा उघडायच्या आत मायाक्कांनी विचारलं, "आलं का गं पोरगं? धड हाय न्हवं?"

मी भाकरी मोडत राहिले. "आधी जेवा की, मायाक्का."

त्यांना वाटलं, पोरगं गेलं. हातातला घास डब्यात ठेवून त्या पदरानं डोळे पुसायला लागल्या. आणि तसं काही नाही हो, असंही मला सांगता येईना; पान टाइप केलं होतं, वाचलं कुठं होतं!