पानामागचं पीठ

राजेश्वरीने चिमट्याने वाळलेलं पान उलटं केलं. पानाची पाठ लख्ख पुसलेली होती.

हिमालयातल्या रानटी प्रिमरोझचं हे रोप तिने कॉलेजच्या सहलीत खुडून, दाबून जपलेलं. कडेला बारीक दाते असलेली पानं, दांड्याच्या टोकाला जांभळ्या फुलांचा गेंद, इतकं तर त्याच्या भावंडांतही दिसतं. जात ठरते ती पानामागच्या पांढऱ्या, मेणचट भुकटीवरून. उन्हाळ्यात हिमालयात होणाऱ्या वनस्पतींच्या पाहणीत जागा हवी तर स्वतः गोळा केलेल्या रोपाचे, खुणा दिसतील असे फोटो आज पाठवायचे होते. तिच्या जाण्याबद्दल नवरा शिवकुमार ‘आई म्हणेल तसं’ म्हणून मोकळा झाला होता.

“अत्याबाई, हे कुणी पुसलं?” तिने तव्यापाशी बसलेल्या सासूला, अक्कम्माला विचारलं.

“मीच की. ज्वारीचं पीठ उडालं आसंल म्हनलं. हलक्या हातानं पुसलं बग.”

घर कडक भाकरीच्या धंद्याचं. पीठ पडद्यांवर, फोनवर, पापण्यांवरसुद्धा. लग्न झाल्यापासून राजेश्वरी त्यातच वावरत होती. राग काढायचा तरी कुणावर?

“परत लाव की मग,” अक्कम्माने पिठाची परात पुढे सरकवली.

राजेश्वरीने चिमूट उचललीसुद्धा. फोटोत कुणाला कळणार होतं? मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिने पीठ परातीत टाकलं.

तेवढ्यात गिरणीवाला संगप्पा दळण घेऊन आला. अक्कम्माने न बघताच पिशवीत हात घालून पीठ बोटांत चोळलं.

“ही आमची मालदांडी ज्वारी न्हाय, संगप्पा. दळण बदललंय.”

“व्हय की! तुमच्या बोटांपुढं काय लपतंय?” हसत त्याने पिशवी परत नेली.

राजेश्वरी त्या बोटांकडे बघतच राहिली. दोन ज्वाऱ्यांतला फरक कळणाऱ्या बोटांना मेणचट भुकटी पीठ वाटली होती?

तिची नजर ओळखून अक्कम्माने मान खाली घातली. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

“तू गेल्यावर हितं माज्याशी बोलाया कोन हाय गं?”

राजेश्वरी भिंग घेऊन पानावर वाकली. मधल्या शिरेच्या खोबणीत, फडकं पोचलं नव्हतं तिथे, एक पांढरी रेघ उरली होती; जात ओळखायला तेवढी पुरत होती.

“अत्याबाई, जरा हात धुऊन या. मी फोटो काढते, तुम्ही पान धरा.”

अक्कम्माने तवा उतरवला. मोरीवर जाऊन तिने हात धुतले, नखांतलं पीठ काढलं आणि पुन्हा धुतले.