न घेतलेलं नाव

ओवी अर्ध्यातच तुटायची.

मुदखेडच्या रेल्वे चाळीत भिंतीपलीकडे सरजाबाई जात्यावर बसली की तिचा आवाज आधी जाडाभरडा निघायचा, मग दळणासारखाच बारीक होत जायचा. पंचशीला तेव्हा सात वर्षांची. भिंतीला कान लावून बसायची.

जोंधळ्याची रास बाई, उपणते मी वाऱ्यात,
मनातलं बोलायाला...

एवढ्यात फाटकाशी खोकला यायचा. सरजाबाईचा भाया, म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, घरी आलेला असायचा. जातं थांबायचं. पंचशीला पळत जाऊन दारातून बघायची, तर मघाशी गळा मोकळा सोडून गाणारी बाई पदर नाकापर्यंत ओढून खांबाआड उभी.

"मावशी, पुढं काय?"

"पुढचं मागून सांगते गं."

तिनं ते कधी सांगितलं नाही. पण अर्ध्यात थांबलेल्या बाईकडे कसं बघायचं, हे पंचशीला त्या दारात उभी राहूनच शिकली. समाजकार्याची पदवी पुढं नांदेडला घेतली ती वेगळी.

आता ती पंचेचाळिशीला आलेली. लातूरला एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला 'सोबत' नावाचं केंद्र आहे. दोन खोल्या, एक पडवी, चार खाटा. ज्या बाईवर जबरदस्ती झाली तिनं आधी इथं यायचं. डॉक्टर, पोलीस, वकील सगळे तिच्याकडे येतात, तिला दारोदार फिरावं लागत नाही. अकरा वर्षं पंचशीला हे काम करत आली होती. सकाळी आली की चपला काढायची, माठात पाणी भरायची आणि मगच रात्री आलेल्या बाईची फाईल उघडायची.

त्या दिवशीची फाईल सिंधूची होती. वय चोवीस. चाकूरकडचं एक खेडं. नवरा हरिओम हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. परवा दुपारी घरची सगळी लग्नाला गेलेली असताना गोठ्यात तिच्यावर जबरदस्ती झाली. काल ती आडावर चक्कर येऊन पडली, तेव्हा गावच्या नर्सबाईनं अंगावरचे वळ बघितले आणि गाडीत घालून लातूरला पाठवलं. सासू मागून चढली. तपासणी झालेली होती. आणि खाली, नव्या मुलीच्या, शिवांगीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: आरोपी अनोळखी.

"शिवांगी, हे तिनं सांगितलं?"

"मी विचारलं ना ताई, नाव सांगता का म्हणून. तिनं मान हलवली. सासू म्हणाली तोंड बांधलेला कुणीतरी होता. मग मी लिहिलं."

"म्हणजे सासूनं सांगितलं."

शिवांगीनं ओठ चावला. हुशार मुलगी, नांदेड शहरात वाढलेली. चूकही तिच्या शहाणपणातलीच होती. चौकटीत काहीतरी भरायला हवं, रिकामी कशी ठेवायची!

"अकराला फौजदारबाई येतील जबाब घ्यायला. अजून दीड तास आहे. तू सासूबाईंना पडवीत बसव. चहा दे, आणि त्यांचे गुडघे दुखतात का ते विचार."

"गुडघे?"

"विचार तर. दीड तास पुरणार नाही."

सासू सिद्धम्मा खोलीच्या दारातच ठाण मांडून होती. कपाळाला विभूतीची बोटं, कमरेला चंची. "मी हितंच बसते. घरची गोष्ट हाय, माझ्या देखत होऊ द्या."

"बसा की आजी, पण पडवीत. आत एका वेळेला एकच बाई बसते, आमचा कायदाच आहे तसा."

"मी काय परकी हाय व्हय? सासू हाव मी तिची."

"म्हणून तर पडवीत. परकी असता तर फाटकाबाहेर बसवलं असतं."

"एकची यस्टी हाय आमची," एवढं बजावून सिद्धम्मा उठली. दारातून आत वळून म्हणाली, "सिंधे, लई बोलत बसू नकोस. झालं ते सांग अन् चल."

पंचशीलानं दार लोटलं. कडी घातली नाही. कडी लावलेल्या खोलीत कुणाला बोलतं करायचं नाही, हा तिचा नेम होता.

सिंधू खाटेच्या कडेला बसलेली. केंद्राची धुतलेली साडी नेसलेली, हात मांडीत गच्च.

"मी पंचशीला. तुम्ही म्हणू की तू?"

"तूच म्हना." मग जरा वेळानं, "ताई, मी लुगडं धुतलं. आत्या धू म्हनल्या. नर्सबाई म्हनली धुवाया नको व्हतं. आता काय उपेग न्हाई ना?"

"आहे. लुगडं धुतलं म्हणून झालेलं पुसत नाही. डॉक्टरांनी वळ बघितलेत, लिहून घेतलेत. आणि सगळ्यात मोठा पुरावा या खाटेवर बसलाय."

सिंधूनं पहिल्यांदा वर बघितलं.

"आता ऐक. तुला सांगावंसं वाटेल तेवढंच सांग. मी काही लिहीत नाही. मधे थांबलीस तरी चालेल."

सिंधू सांगू लागली. लग्नाला गेलेली माणसं. गाभण म्हशीसाठी मागं राहिलेली ती. कडब्याच्या पेंढ्या. सगळं नीट, एकामागं एक, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत. मग ती गोठ्याच्या दारापाशी आली. दारात सावली पडली, म्हणाली, आणि थांबली. तिचा हात आपोआप वर गेला आणि पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला गेला. पुन्हा पुढचं सांगितलं. पुन्हा तो माणूस आला, पुन्हा हात पदराकडे. तीन वेळा.

पंचशीलाला आठवलं, मुदखेडचं ते दार, तो खांब. तोंड बांधलेल्या चोराला बघून कुणी डोक्यावर पदर घेत नाही. पदर घेतात तो घरातल्या वडीलधाऱ्यासाठी. ज्याच्या पुढून जात नाहीत, ज्याचं नाव ओठावर आणत नाहीत, त्याच्यासाठी. पोरगी माहीत नाही म्हणून मान हलवत नव्हती. ते नाव घ्यायचं नसतं म्हणून हलवत होती.

पंचशीलाला नाव कळलं नव्हतं, पण नातं कळलं होतं. ते बोलून दाखवणं एका क्षणाचं काम होतं. पण तिनं ते गिळलं. जबाबात तिचा शब्द घुसला तर उद्या कोर्टात वकील विचारणार, हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं? आणि वकिलाचं सोडा, हा शब्द या पोरीचा होता. तो दुसऱ्या कुणी घेणं म्हणजे तिच्याकडून आणखी एक गोष्ट काढून घेणं.

तिनं फाईल उघडून सिंधूपुढे धरली. "वाचता येतं ना?"

"सातवी झालीय."

"मग हे वाच."

सिंधूनं बोट फिरवत वाचलं. बोट 'अनोळखी'वर थांबलं.

"हे तू सांगितलंस?"

मान नकाराची हलली.

"मग चूक आमची आहे. तू सांगितलं नाहीस ते आम्ही लिहिलं." पंचशीलानं पेन काढलं, शब्दावर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली, तारीख घातली. "आता ही जागा मोकळी. मोकळी राहिली तरी राहू दे. तू भरलीस तरच भरायची."

सिंधू त्या रेघेकडे बघत राहिली. बाहेर सिद्धम्माचा आवाज चढला होता, "...अन् ह्या डाव्या गुडघ्यात तर बाई असं चमकतंय!" सिंधूच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, हसू म्हणावं इतकंही नाही.

"ताई, मी सांगितलं तर घर फुटंल."

"तू न सांगताच फुटलंय ते, परवा दुपारी. फोडणारी तू नाहीस."

"ह्यांना कळलं तर? हे काय म्हनतील?"

"ते मला माहीत नाही. खोटा धीर मी देत नाही. हरिओमला फोन करायचा असेल तर मी शेजारी बसेन. माहेरी जायचं असेल तर गाडी देईन. कुठंच जायचं नसेल तर ही खाट तुझी आहे. एकची यस्टी तुला पकडायचीच आहे असं कुणी ठरवलेलं नाही. तू नाव सांगितलंस तरी, नाही सांगितलंस तरी."

सिंधू एकदम म्हणाली, "आमच्यात नाव घेत न्हाईत वो ताई. काल त्या पोरीनं माझं पुरतं नाव इचारलं तर मी आधार कार्डच काढून दिलं. त्यात ह्यांचं नाव येतं ना."

"माहेरचं पूर्ण नाव सांग बरं."

"सिंधू सिद्धराम हलकुडे." हे झरकन आलं, शाळेतल्या हजेरीसारखं. "अर्धापूरकडं गाव. बा केळीच्या बागंत राखनदार हाय."

"आणि सासरचं?"

सिंधू पदराचं टोक पिळू लागली. "लग्नात घेतलं व्हतं. उखान्यात. आता उखाना आठवंना."

"उखाणा कशाला? इथं कोण तांदूळ टाकायला बसलंय तुझ्यावर!"

सिंधू खरंच हसली. डोळ्यांत पाणी घेऊन हसली. मग बुडी मारण्याआधी घ्यावा तसा श्वास घेतला. "सिंधू. हरिओम. बिराजदार."

ती दचकून दाराकडे बघू लागली. बाहेर गुडघ्यांचं पुराण चालूच होतं. पंखा फिरत होता. काहीच कोसळलं नव्हतं.

"परत म्हन्ते," ती म्हणाली, आणि पंचशीलानं न सांगता पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज भिंतीला लागून परत आला.

अकराला फौजदारबाई दीपमाला आल्या. वर्दी नाही, साधा ड्रेस, पंचशीलानं पाळायला लावलेला नियमच होता तो. सोबत एक हवालदारीण, हातात रेकॉर्डिंगचा मोबाईल. दार उघडलं तशी सिद्धम्माही उठून मागोमाग आली.

"मी सांगते सायबीन. तोंड बांधलेलं मानूस व्हतं, तिला ठाव न्हाई."

"आजी, तुमचं वेगळं ऐकू. आधी तिचं," दीपमालाबाई म्हणाल्या.

"तिला काय कळतंय! भेलंय लेकरू."

पंचशीला दाराशी गेली, पण सिंधूच बोलली. "आत्या, बाहीर बसा."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सिंधूनं सासूला काही करायला सांगितल्याची ही पहिली वेळ. सिद्धम्मा तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग होता आणि एक विनवणीही, आईची विनवणी. ती पंचशीलाच्या नजरेतून सुटली नाही. म्हातारीलाही ठाऊक होतं तर. शिवांगीनं तिचा दंड धरला आणि हळूच बाहेर नेलं.

गोठा, कडबा, सावली, सगळं पुन्हा सांगून झालं. पंचशीला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होती, हात मांडीवर, ओठ मिटलेले. दीपमालाबाईंनी शेवटी सरळ विचारलं, "कोण होता? ओळखतेस?"

सिंधूनं एकदा कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघितलं. पंचशीलानं मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सुचवलं नाही. नुसती तिथं होती.

"वळखते," सिंधू म्हणाली. "बजरंग. बजरंग वैजनाथ बिराजदार. माझा भाया."