उतरवलेला मांडव

मिरासाबनं शिडीवर चढून मांडवाच्या कापडाची पहिली गाठ सोडली, तेव्हा परड्यात आचारी बुंदीचा तिसरा घाणा काढत होते. दुपारचे दोन वाजले होते. डोक्यावरच्या आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. गडहिंग्लजहून आलेलं वऱ्हाड मांडवाच्या सावलीला टेकलं होतं. एकदम तोंडावर ऊन आल्यावर सगळी डोळ्यांवर हात धरून वर बघू लागली.

“अहो पावणं, भाजतंय की इथं!” कुणीतरी ओरडलं.

“समोरच्या वखारीत जाऊन बसा. दगडी भिंती हायत, गार वाटंल,” मिरासाब वरूनच म्हणाला आणि त्यानं दुसरी गाठ सोडली.

वीस वर्षं तो जयसिंगपूरहून गावोगाव जाऊन मांडव घालत होता. सकाळी निघताना रेडिओवर त्यानं हवामानाचा अंदाज ऐकला होता : येत्या चोवीस तासांत काही ठिकाणी वादळी वारे आणि गडगडाटासह पाऊस. तेवढ्यावर त्यानं शिडी लावली नसती. पण सकाळपासून झालरीचं टोकदेखील हललं नव्हतं, अंगावरचा घाम वाळत नव्हता, आणि शिडीवरून त्याला खालच्या माणसांना न दिसणारं काहीतरी दिसत होतं. उगवतीला, उसाच्या रानांपलीकडं, ढगांची पांढरी डोकी एकावर एक चढत होती.

“मिरासाब! खाली उतर.”

नवरीचे वडील हंबीरराव फेटा बांधता बांधता तसेच बाहेर आले होते. फेट्याचा शेव खांद्यावरून लोंबत होता.

“लगीन लागायच्या आधी मांडव उतरवतोस? माझ्या दारात? डोकं फिरलं काय तुझं?”

“वळीव येतोय, मालक. पाचच्या आत.”

“कोण म्हणतंय?”

“रेडिओवर सांगितलंय. आन् मीबी म्हणतोय.”

“काय सांगितलंय? नीट सांग.”

“काही ठिकाणी वादळी पाऊस.”

“काही ठिकाणी!” हंबीरराव वऱ्हाडाकडं वळून हसले, पण त्यांची कानशिलं तापून लाल झाली होती. “म्हंजे आमच्याच दारात व्हय?”

चार माणसं हसली. मिरासाब शिडीवरून उतरला. त्यानं गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं.

“मालक, कापडात वारं शिरलं की बांबू मुळासकट उपटून येत्यात. खाली चारशे माणसं बसणार. मी कापड वर ठेवत न्हाय. ठेवायचंच असलं तर दुसऱ्या कुणाचं बघा, हे माझं मी घेऊन जातो.”

त्यानं आवाज चढवला नव्हता. हंबीररावांनी फेट्याचा लोंबणारा शेव मुठीत धरला. मुहूर्त पाच वाजून दहा मिनिटांचा होता. उघडाबोडका मांडव बघून व्याही काय म्हणतील, भावकी काय म्हणेल, लेकीच्या वाट्याला हा कसला अपशकुन, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

चिमणाबाई, त्यांची बायको, उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. हळदीनं पिवळे झालेले हात पदराला न लागू देता ती पुढं आली.

“आपण पूजा कशाची केली? मेढीची का कापडाची?”

तिनं दाराकडं बोट केलं.

“मेढ उभी हाय तवर मांडव हाय. कापड उतरवू द्या त्यांना.”

हंबीररावांनी दाराशी रोवलेल्या मुहूर्तमेढीकडं पाहिलं. तिला बांधलेले आंब्याचे डहाळे दुपारच्या उन्हानं मान टाकून होते.

“आन् मेढच पडली तर?”

“पडू देत न्हाय,” मिरासाब म्हणाला.

साडेतीनपर्यंत त्यानं आणि त्याच्या जोडीदार गुंडूनं सगळं कापड उतरवून घड्या घातल्या. सगळी बैठक वखारीत हलली. हंगाम संपून वखार रिकामी झाली होती, पण तंबाखूचा खकाणा भिंतींत मुरलेला. भटजींपासून करवलीपर्यंत सगळे शिंकत होते. ऊन मात्र तसंच रखरखीत होतं, आणि हंबीरराव दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन आधी आभाळाकडं आणि मग मिरासाबकडं बघून आत जात होते.

पावणेपाचला उगवतीकडून धुळीचा लोट उठला. कौलं खडखडली. दिवस असून अंधारलं. पहिल्या झोतातच उघड्या बांबूंचा सांगाडा करकरला, पण वारं त्यातून आरपार निघून गेलं. वखारीचं दार लोटून घेईपर्यंत पावसाचे टपोरे थेंब आडवे मारू लागले.

मेढ घरच्यांनी विधीपुरती रोवलेली, जेमतेम वीतभर खोल. तिला आडव्या बांबूचा आधार होता. तो बांबू सुतळी तोडून निसटला आणि मेढ कलली.

मिरासाब वखारीच्या वळचणीला उभा होता. तो धावला. त्यानं मेढीला दोन्ही हातांनी कवळा घातला आणि पाय चिखलात रोवले. पाऊस डोळे उघडू देत नव्हता. वारं एकदा मेढीला ओढी, एकदा त्याला. गुडघा घसरला तसं त्यानं खांदा लावला.

मग पलीकडून दुसरे दोन हात आले, त्यातल्या एकाची मूठ मिटलेली. फेटा भिजून गळ्यात पडला होता.

“मालक, तुम्ही आत जावा! मुहूर्ताची येळ झाली!”

“पोरीचा मामा हाय तिच्या मागं उभा,” हंबीरराव ओरडले. “तू धर नीट!”

आतून मंगलाष्टकांचा आवाज येत होता, तुटक तुटक, वाऱ्यानं वाहून नेलेला. दोघंही मान वळवून ऐकत राहिले. शेवटचं ‘सावधान’ झालं आणि वाजंत्री कडाडली.

हंबीररावांनी एक हात सोडला. मूठ उघडली. अक्षता भिजून हाताला चिकटल्या होत्या. त्यांनी निम्म्या वखारीच्या बंद दाराकडं टाकल्या. उरलेल्या मिरासाबसमोर धरल्या.

“टाक.”

मिरासाबनं तळहातावरचे तांदूळ बोटांनी गोळा केले आणि दाराच्या दिशेनं टाकले. हंबीररावांनी तोंड फिरवून भिजलेल्या फेट्यानं चेहरा पुसला.

पाऊस हळूहळू उणावला. वारं पडल्यासारखं झालं. आत लेक पाया पडायला थांबली असणार. हंबीररावांनी मेढ हलवून बघितली.

“सोडायचं आता?”

मिरासाबनं उगवतीकडं पाहिलं.

“अजून न्हाय. मागनं एक झोत येतोय.”

आभाळ चांगलंच उजळत होतं. हंबीररावांनी वर बघितलंही नाही. त्यांनी पाय पुन्हा चिखलात रोवले आणि मेढ आणखी घट्ट धरली.